तिप्पण्णाचा पांढरा

"ह्या बाईचं त्वांड हिरवं का वो, मिस्तरी?" सोजरबाई म्हणाल्या आणि टीव्हीच्या पाठीमागे उकिडवा बसलेल्या तिप्पण्णाचा हात जागच्या जागी थांबला. हातात स्क्रूड्रायव्हर होता. समोर खुर्चीवर टेकवलेल्या आरशात टीव्हीची काच त्याला उलटी दिसत होती. काचेवर गुलबर्गा केंद्रावरची एक बाई कानडीतून तुरीवरच्या अळीबद्दल सांगत होती. मधूनच ती मुंग्यांनी भरून जाई आणि पुन्हा मुंग्यांतून वर येई. तिचं तोंड पांढरं होतं. काळ्यापांढऱ्या प्रसारणातल्या बाईचं असावं तसं, स्वच्छ, चुन्यासारखं पांढरं. चार दिवस खपून तिप्पण्णानं ते पांढरं केलं होतं, आणि ही म्हातारी म्हणत होती, हिरवं. मान किंचित वाकडी करून त्यानं टीव्हीच्या कडेनं तिच्याकडे पाहिलं. सोजरबाईंचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून दोन महिने होत आले होते. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता, आणि तो लागल्यापासून दिसेल त्या वस्तूचा रंग मोठ्यानं सांगण्याची त्यांना खोडच लागली होती. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी कॅलेंडरवरच्या देवीच्या साडीचा, तिप्पण्णाच्या सोल्डरिंगच्या मुठीचा आणि दारात बसलेल्या शेळीचा रंग सांगून टाकला होता. अशा बाईचं काय मनावर घ्यायचं, असं त्याला एकदा वाटलं. पण लगेच मनात पाल चुकचुकली. म्हातारी साधी असेल, पण तिला इथं घेऊन येणारा साधा नव्हता.

तिला घेऊन आला होता तिचा मुलगा, आबासाहेब. जेऊरला बागायत, आणि मुलांच्या शिक्षणासाठी सोलापुरात घर केलेलं. सोलापुरात दुरुस्तीची वस्तू टाकून निघून जायची पद्धत नव्हती. माणूस वस्तूबरोबर बसायचा. रेडिओ असो की मिक्सर, आतला चांगला भाग काढून जुना घातला जाईल ही धास्ती प्रत्येकाला असायची, आणि ती अगदीच खोटी होती असंही नाही. आबासाहेब चार दिवस असाच बसला होता. पहिल्याच दिवशी तिप्पण्णानं मागची फळी उघडली तेव्हा त्यानं खिशातून खिळा काढून पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या पितळी पट्टीला एक बारीक ओरखडा काढला होता, आणि तोही तिप्पण्णाचं लक्ष नाही असं समजून. तिप्पण्णानं पाहिलं होतं. त्याचं लक्ष नाही असं कधी होत नसे. त्याला त्याचा रागही आला नव्हता, उलट बरं वाटलं होतं. संशय घेणारा माणूस त्याला कळायचा. न घेणाऱ्याबद्दलच त्याला कोडं पडायचं. मात्र चार दिवस राखण करून वर आईला आणून बसवायचं, आणि काम पुरं होता होता तिच्या तोंडून हे वदवायचं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. आबासाहेब आत्ता दाराच्या चौकटीला टेकून मिशीवरून बोट फिरवत होता आणि अळीबद्दल ऐकल्यासारखं करत होता. कानडी त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

टीव्ही त्याच्या मेहुण्यानं कुवेतहून आणलेला. तिथल्या कुणा साहेबानं वर्षानुवर्षं वापरून टाकून दिलेला, पण रंगीत. सोलापुरात टीव्हीच तेव्हा बोटांवर मोजण्याइतके, आणि रंगीत हा एकच. त्याचा उपयोग मात्र काही नव्हता, कारण सगळ्या देशाचं प्रसारण काळंपांढरं. गुलबर्ग्याचं केंद्र सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. गच्चीवर अँटेनाचा चाळीस फुटी पाइप उभा केला, हवा बरी असली, तर तिथलं चित्र इथवर यायचं. रंगीत ट्यूबच्या मानेत काचेवर किरण फेकणाऱ्या तीन गन असतात, लाल, हिरवी, निळी. तिन्ही सारख्या जळल्या की काचेवर पांढरा उमटतो. एक जरी थकली तरी पांढरा बिघडतो. काळंपांढरं चित्र नीट दिसायला तिन्ही रंग सारखे जिवंत लागतात, ही गंमत तिप्पण्णा गिऱ्हाइकाला दोनदा तरी सांगायचा. ह्या ट्यूबची लाल गन जवळजवळ मेलेली होती. मीटरचा काटा तिथं हलतच नव्हता. तिप्पण्णानं स्वतःच्या हातानं बांधलेल्या यंत्रावर ट्यूब चढवली, हीटरला नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज दिलं, गनवर चढलेली कीट जळून जावी म्हणून थोडे थोडे झटके दिले, थांबला, पुन्हा दिले. फार दिले तर गन कायमची जायची. तिसऱ्या दिवशी काटा उचलला. चौथ्या दिवशी तो हिरव्या-निळ्याच्या बरोबरीला आला तेव्हा तिप्पण्णाला मेलेल्या माणसाची नाडी हाताला लागल्यासारखं झालं. आता फक्त मागचे तीन स्क्रू फिरवून आरशात पाहत पांढरा जुळवायचा होता, आणि तो त्यानं जुळवला होता. हिरवं म्हणे.

नव्या पेठेत त्याचं नाव होतं ते ह्याच गोष्टीसाठी. तिप्पण्णा मोजल्याशिवाय काही लावत नाही. रेडिओतल्या रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात आणि दुसरे मिस्तरी ते पट्टे पाहून तो किती ओहमचा ते ओळखतात. तिप्पण्णा एकेक रेझिस्टर मीटरला लावून बघायचा. वायरी रंगावरून जोडायचा नाही, दोन्ही टोकं तपासायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, कंपनीवाले काय वाटेल ते पट्टे मारतात, त्यांच्या भरवशावर कोण राहील. आणि हे तो थाप म्हणून सांगत नव्हता. त्याचा खरोखरच तसा समज होता. दहा रेझिस्टर घेतले तर त्यातल्या तीन-चारांचे पट्टे त्याला एकसारखे दिसत आणि मीटरवर आकडा मात्र निराळा येई. कारखान्यात बसून कुणीतरी मुद्दाम गोंधळ घालतंय, पुण्याच्या बाजारातून माल येतो तिथंच हात मारला जातोय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. दुकानात हाताखाली माणूस ठेवला नव्हता तोही ह्याच कारणानं. मीटरचा काटा मात्र कुणाच्या बाजूचा नसतो. अठ्ठेचाळीस वर्षांत भरवसा ठेवावा असं त्याला हे एकच सापडलं होतं.

मागच्या खोलीतून जगदेवी चहा घेऊन आली. दुकान पुढं आणि घर मागं, मध्ये एक पडदा. तिप्पण्णानं पाठीमागूनच तिला म्हटलं, "बघ गं, ही बाई कशी दिसती." त्यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं, पण त्याला एक साक्षीदार हवा होता. जगदेवीनं कपबशी स्टुलावर ठेवली. मग तिनं आधी टीव्हीकडे पाहिलं नाही, आधी नवऱ्याकडे पाहिलं. फार तर एक क्षण, पण तिप्पण्णानं तो टिपला. मग टीव्हीकडे पाहून ती म्हणाली, "बरी दिसती की," आणि पदराला हात पुसत उभी राहिली. "अगं पोरी, हिरवी हाय ती, बरी काय?" सोजरबाई म्हणाल्या. जगदेवीनं हसल्यासारखं करून स्टुलावरची कपबशी नीट सरकवली. हीसुद्धा? पंचवीस वर्षांच्या संसारात ही नजर त्यानं पुष्कळदा पाहिली होती. मंडईतून टोमॅटो आणले की जगदेवी आधी अशीच त्याच्याकडे बघायची, मग काही न बोलता अर्धे टोमॅटो तांदळाच्या डब्यात पिकायला घालायची. नंतर नंतर तर मंडईची पिशवी तिनं स्वतःकडेच घेतली. लग्नाकार्याला निघताना त्यानं काढलेला सदरा ती आत ठेवी आणि दुसरा काढून देई. देताना म्हणायची, ह्याची गुंडी तुटलीया. गुंडी तुटलेली नसे. त्यानं दोनदा बघून ठेवलं होतं. आपल्या मागून आपल्या वस्तूंना कुणीतरी सारखं हात लावतंय ही भावना त्याला लहानपणापासूनची होती, आणि ती पहिल्यांदा कुणामुळं मनात आली हेही तो विसरला नव्हता. सख्ख्या भावामुळं.

साखर पेठेत त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा, सूत रंगवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार भट्ट्या, आठ हंडे आणि मागं उघडं अंगण, त्यात बांबूवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी. कारखान्याचं पाणी गटारातून रस्त्यावर यायचं आणि आज आप्पांकडं कुठल्या रंगाचं काम आहे ते गटार बघून पेठेतली पोरं सांगायची. तिप्पण्णाला गटारात गटाराचंच पाणी दिसायचं. पोरं बाता मारतात, घरात डोकावून येतात, असं त्याला वाटायचं. तेरा वर्षांचा असताना लडी रंगाप्रमाणे निवडून ज्याच्या त्याच्या बांबूवर लावायचं काम त्याच्याकडं होतं. ओल्या लडी तो वासावरून ओळखायचा. प्रत्येक रंगाचा वास निराळा, आणि वासात तो कधी चुकायचा नाही. लडी वाळली की वास जायचा. मग राहायचं नुसतं गडद आणि फिकट, आणि त्यावर तो आपला अंदाजानं चालायचा. सगळेच असे अंदाजानं चालत असणार, असं त्याला वाटे. त्याचा भाऊ सिद्धाप्पा चार वर्षांनी मोठा. दुपारी आप्पा जेवायला आत गेले की सिद्धाप्पा बांबूंच्या रांगेतून फिरायचा. एकदा पाण्याच्या टाकीमागं बसलेल्या तिप्पण्णानं डोळ्यांनी पाहिलं, अण्णानं, म्हणजे सिद्धाप्पानं, तिप्पण्णानं लावलेल्या बांबूवरची लडी उचलली, इकडं तिकडं बघितलं आणि दुसऱ्या बांबूवर टाकली. मग आणखी एक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिप्पण्णा कुणाला बोलला नाही. त्यानं ते मनात ठेवलं आणि पाळत ठेवायला लागला.

मग ती लुगड्यांची भानगड झाली. एका विणकराची लग्नसराईची मागणी होती, सगळी हिरवी लुगडी, नवरीला नेसवायची. सूत आप्पांकडून गेलं. पंधरा दिवसांनी विणकर आला आणि रात्री चिमणीच्या उजेडात विणलेलं लुगडं त्यानं आप्पांच्या पायाशी फेकलं. म्हणाला, नवरीच्या अंगावर हिरव्यात हे रक्ताचे ओघळ घालू का. आप्पांनी लुगडं उलगडून धरलं, सगळे बघत राहिले, एक बाई तोंडाला पदर लावून मागं सरली. तिप्पण्णानंही बघितलं. त्याला लुगडं दिसलं, धड लुगडं. ओघळ कुठं होते? इतकी सगळी माणसं कशाकडे बोट दाखवत होती? त्या क्षणी त्याला वाटलं होतं की ही सगळी मिळून नाटक करताहेत, आणि नाटक त्याच्यासाठीच चाललंय. आप्पांनी त्याला लडी हलवायच्या काठीनं मारलं. सिद्धाप्पा मध्ये पडला नाही, कारण तो आठ दिवस तापानं अंथरुणावर होता. हे तिप्पण्णानं पुढं रात्रंदिवस घोळवलं. लडी बदलून ठेवायच्या आणि आपण तापाचं सोंग घेऊन पडायचं, म्हणजे नाव कुणाचं येणार? धाकट्याला कारखान्यातून हुसकावलं की कारखाना कुणाचा होणार? झालंही तसंच. आप्पांनी त्याला नव्या पेठेतल्या एका रेडिओवाल्याकडे पुसापुशीला ठेवलं आणि कारखाना सिद्धाप्पाला गेला. आई बिचारी म्हणायची, अरे तो ताप खरा होता रे, मी उशाशी बसले होते. तिप्पण्णा मनात म्हणायचा, अव्वा, तुला काय कळतंय.

एवढ्यावरही कदाचित मिटलं असतं. विसाव्या वर्षी त्यानं होटगीला रेल्वेत लागायचं ठरवलं. लेखी झालं, धावणं झालं, शेवटी डॉक्टरकडं डोळे. सोबत सिद्धाप्पा आला होता, नको म्हटलं तरी आला होता. तिप्पण्णानं लांबची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग डॉक्टरनं एक पुस्तक पुढं धरलं. त्याच्या पानोपानी नुसते ठिपके, आणि डॉक्टर विचारत होता, आकडा कुठला. आकडा कुठं होता? तिप्पण्णाला त्या माणसाची चीड आली. बाहेर आणखी सात जण बसले होते, सातही जण आत जाऊन हसत परत आले. डॉक्टर कागदावर इंग्रजीत काहीतरी खरडून म्हणाला, नापास. कारण सांगितलं नाही. आणि तिप्पण्णा व्हरांड्यात चपला घालत असताना डॉक्टरनं सिद्धाप्पाला बाजूला घेतलं, दोघं हळू आवाजात बोलले, सिद्धाप्पानं मान हलवली आणि खाली बघत बाहेर आला. झालं, ताळा जमला. आपल्या पायाखालची दोन्ही वेळची माती ह्यानंच काढली. होटगीहून परतताना तिप्पण्णा गाडीच्या दुसऱ्या डब्यात बसला, आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं तो भावाशी बोलला नव्हता. आप्पा गेले तेव्हा दोघांनी खांदा दिला, पण एकमेकांकडे न बघता. तिप्पण्णाच्या लग्नात सिद्धाप्पा मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकून गेला. त्याची बायको नागव्वा मात्र नवरीच्या कानाशी लागून कितीतरी वेळ काही सांगत होती, आणि नवरी, म्हणजे जगदेवी, डोळे मोठे करून ऐकत होती. तेही तिप्पण्णानं पाहिलं होतं. घरात येणाऱ्या बाईचे कान आधीच भरले गेले, असं तेव्हाच त्याच्या मनानं घेतलं.

तर आता हिरवी बाई. टीव्हीमागे बसल्या बसल्या तिप्पण्णानं ठरवलं की हे नाटक उघडं पाडायचं. नाटक पाडायचं तर नट वेगळे करायला हवेत. त्यानं आबासाहेबाला गच्चीवर पाठवलं, पाइप गच्च धरा, चित्र हलतंय म्हणून. आबासाहेब आईकडं वळून वळून बघत वर गेला. जगदेवीला त्यानं पडद्यापाशीच उभं राहायला सांगितलं, बोलायचं नाही म्हणून बजावलं. आता खोलीत उरली म्हातारी, आणि तिला त्याचे हात दिसत नव्हते. "आजी, मी हितनं काय काय करनार हाय. तुमी निस्तं काय दिसतं ते सांगायचं," तो म्हणाला. मग त्यानं लाल गनचा स्क्रू हळूहळू उलटा फिरवला, पार शेवटपर्यंत. लाल बंद. आरशात त्याला बाई होती तशीच दिसली, कदाचित जरा मळकी. म्हातारी म्हणाली, "अगाई. आता तर पार हिरवीगार झाली, उसाच्या पाल्यावानी." स्क्रू सुलटा फिरवला, मघाच्या जागेच्या पुढं, पुष्कळ पुढं. आरशात बाई तीच. "आता कुक्कू सांडल्यावानी झालंय मिस्तरी, सगळं तांबडं." मग त्यानं फसवायचं म्हणून स्क्रूड्रायव्हर नुसताच खडखडवला, काही फिरवलं नाही. "हाय तसंच हाय की. काय केलंसा?" पुन्हा उलटा. "हिरवी." अर्धा सुलटा. "जरा कमी." पुन्हा नुसता खडखडाट. "न्हाय, काय न्हाय." अकरा वेळा त्यानं केलं, आणि अकराही वेळा, ज्या गोष्टी त्याच्या बोटांखेरीज ह्या जगात कुणाला ठाऊक नव्हत्या, त्या दोन महिन्यांपूर्वी आंधळी असलेल्या त्या बाईनं बिनचूक सांगितल्या. आबासाहेब गच्चीवर होता. जगदेवी गप्प होती. शिकवलेलं कुणी इतकं बोलू शकत नाही. हा मीटरचाच काटा होता, फक्त लुगडं नेसून खुर्चीवर बसलेला.

तिप्पण्णा आरशाकडे बघत राहिला. आरशात ती पांढरी बाई आता जमिनीच्या पोताबद्दल सांगत होती. तिच्यात असं काहीतरी होतं जे खोलीतल्या दोघींना दिसत होतं आणि त्याला नाही, आणि ते लपवलेलं नव्हतं, समोर काचेवर होतं. हातात स्क्रू होता, तो लाल होता हे त्याला कशावरून कळलं होतं? बाजूला इंग्रजीत अक्षर कोरलेलं होतं म्हणून. मग एकामागून एक वस्तू त्याच्या डोळ्यांपुढून जायला लागल्या, रेझिस्टर, टोमॅटो, गटार, ठिपक्यांचं पुस्तक. त्या थांबवाव्यात असं त्याला फार वाटलं, कारण त्या कुठं जाऊन थांबणार ते त्याला दिसायला लागलं होतं. ओघळ असलेलं लुगडं, आणि बांबूंच्या रांगेतून फिरणारा सतरा वर्षांचा सिद्धाप्पा, इकडं तिकडं बघणारा. त्यानं तोंड पुसलं आणि पडद्याकडे न बघता म्हटलं, "जगदेवी, फुडं बस. तू सांग." ती पुढं येऊन बसली. तो फिरवत राहिला आणि ती सांगत राहिली, आणखी, आणखी थोडं, न्हाय जास्त झालं, मागं घ्या, हां, आता बास. ती एकदाही चुकली नाही. आबासाहेब खाली आला, म्हणाला, झालं की पांढरं, आणि फळी लावायच्या आधी वाकून आपला ओरखडा बघून घेतला. ओरखडा होता. सोजरबाई जाता जाता तिप्पण्णाला म्हणाल्या की तुमचा हात चांगला आहे.

ती दोघं गेल्यावर त्यानं जगदेवीला विचारलं, "तुला कवापासनं म्हाईत हाय?"

"लग्नातच," ती म्हणाली. तिनं कपबशा उचलायला घेतल्या होत्या, त्या पुन्हा ठेवल्या. "नागव्वा वैनींनी सांगितलं. थोरल्या भावजींनी त्यांच्याकडं निरोप दिला हुता. म्हनाले, त्याला तांबडं-हिरवं कळत न्हाय, त्यालाबी त्ये ठाऊक न्हाय. त्याला बोलू नको, मागनं निस्तं नीट करत जा." रंगाऱ्याच्या घरातल्या पोराला रंग दिसत नाही हे पेठेला कळलं असतं तर पोरांनी त्याला जगू दिलं नसतं, आणि पोरगीही कुणी दिली नसती. म्हणून सिद्धाप्पानं आप्पांनासुद्धा सांगितलं नव्हतं. आधी त्याचा नुसता अंदाज होता, होटगीच्या डॉक्टरनं ते पक्कं करून सांगितलं. रोज दुपारी तो चुकलेल्या लडी जागेवर लावत होता, आणि तापाच्या आठ दिवसांत लावायला कुणी नव्हतं. जगदेवीनं हे सगळं तुकड्यातुकड्यानं सांगितलं, वैनी जेवढं बोलल्या होत्या तेवढंच, जसंच्या तसं, पंचवीस वर्षं जपून ठेवल्यासारखं.

"मला सांगायचं की मग," तिप्पण्णा म्हणाला. "त्यानं न्हाय तर तू."

"सांगितलं असतं," जगदेवी म्हणाली, "तर तुमी इश्वास ठिवला असता?"

सकाळी तो सायकल घेऊन साखर पेठेत गेला. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, रस्त्यात पाळण्यांचे सुटे खांब बैलगाड्यांवर चढवत होते. गटारातून कारखान्याचं पाणी वाहत होतं आणि ते त्याला गटाराच्या पाण्यासारखंच दिसलं, पण आज तो उतरून क्षणभर त्याच्याकडे बघत उभा राहिला. अंगणात सिद्धाप्पा हंड्यापाशी बसला होता. हात कोपरापर्यंत रंगलेले, कुठल्या रंगानं ते तिप्पण्णाला सांगता आलं नसतं. केस सगळे पांढरे झाले होते, ते मात्र दिसले. भावाला बघून तो उठला नाही, बस म्हणालाही नाही, फक्त हातातली काठी हंड्याच्या काठावर आडवी ठेवली. काय बोलायचं ते तिप्पण्णानं रात्रभर जुळवलं होतं. बाजूला वाळलेल्या लडींचा ढीग पडला होता, निवडायचा. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, ढिगातून लडी उचलल्या आणि एकेक करून बांबूवर लावायला लागला, तेरा वर्षांचा असताना लावायचा तसाच, गडद इकडं, फिकट तिकडं, अंदाजानं. आठ लावल्या, दहा लावल्या. सिद्धाप्पा मागं येऊन उभा राहिला. मग त्याचा हात आपसूक पुढं झाला, त्यानं एक लडी उचलली आणि दुसऱ्या बांबूवर टाकली. टाकल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तो चोरी पकडल्यासारखा थिजला आणि तिप्पण्णाकडं बघत राहिला. पस्तीस वर्षांपूर्वी टाकीमागून बघितलेला तोच हात, तसाच, त्याच रांगेत.

"अण्णा," तिप्पण्णा म्हणाला. "आनी किती चुकल्या?"

सिद्धाप्पानं रांगेवरून नजर फिरवली. "दोन," तो म्हणाला.

"दाखव."

सिद्धाप्पानं त्याचं मनगट धरलं आणि हात एका लडीवर नेऊन ठेवला. लडी उन्हानं ऊबदार झाली होती.